सांदवाडीचे माप

झाडीपट्टीत दिवाळीनंतरचे दिवस मंडईचे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला 'मंडई' म्हटले की भाजीबाजार आठवतो. भंडारा जिल्ह्यात मंडई म्हणजे भाऊबीजेपासून गावोगाव भरणारी जत्रा, दंडार आणि रात्रभर चालणारे नाटक. भाजीसाठी आठवडी बाजार होताच. पण रोजच्या जेवणातली बरीचशी भाजी बाजारातून येतच नसे. ती घरामागून येई. घराच्या मागच्या भिंतीपासून कुंपणापर्यंतच्या त्या जागेला इकडे 'सांदवाडी' किंवा नुसते 'वाडी' म्हणतात. बाकी महाराष्ट्र तिला परसबाग म्हणतो. हलका धान कापून झालेला, भारी धान अजून उभा, पाऊस सरलेला आणि जमिनीत ओल टिकून असलेली, असे हे दिवस. याच दिवसांत वाडीतले तण उपटून मेथी, सांभार (म्हणजे कोथिंबीर), पालक, मुळा यांचे वाफे पाडले जातात. दिवाळी अंकात वाडीचा विषय काढण्यास एवढे निमित्त पुरे आहे.

दुसरे निमित्त जरा वेगळे आहे. गेल्या काही वर्षांत 'चौरस फूट बाग' हा शब्द आपल्याकडे रुळू लागला आहे. चार फूट लांब, चार फूट रुंद अशी चौकट, तिच्यात एकेक फुटाचे सोळा चौकोन आणि प्रत्येक चौकोनात मोजून लावलेली रोपे. नव्या वसाहतीत घर बांधलेले, शाळेत परसबाग करू पाहणारे, गच्चीवर माती चढवणारे असे सगळेच हा नकाशा हाती घेऊन सुरुवात करतात. ज्या जिल्ह्यात घरामागे वाडी असणे ही कालपर्यंत सांगण्याजोगीही गोष्ट नव्हती, तिथे आज भाजी लावायला चौरस फुटाचा हिशोब का लागावा? या प्रश्नाचे उत्तर बागकामाच्या पुस्तकात मिळत नाही. ते जमिनीच्या इतिहासात शोधावे लागते.

ज्याचा सारा नाही, त्याची नोंद नाही

घरालगतची भाजी ही आपल्या संस्कृतीतली जुनी गोष्ट आहे. अमरकोशात घराजवळच्या बागेला 'निष्कुट' असा स्वतंत्र शब्द आहे. वात्स्यायनाच्या कामसूत्राचे नाव काढले की वेगळीच अपेक्षा केली जाते. पण त्यातल्या गृहिणीच्या कर्तव्यांच्या प्रकरणात हिरव्या भाज्यांचे वाफे, उसाचा ताटवा, जिरे, मोहरी, ओवा यांची लागवड आणि बागेच्या मध्यभागी विहीर किंवा तळे करण्याची सूचना आहे. मुळा, पालक, काकडी, वांगे, कोहळा, दुधी, सुरण, लसूण, कांदा यांचे बी वेळेवर आणून वेळेवर पेरावे, असेही ते सांगते. वाफ्यासाठी तिथे 'वप्र' हा शब्द येतो आणि मराठी माणसाला आपला 'वाफा' आठवल्याशिवाय राहत नाही. या यादीतल्या बहुतेक भाज्या आजही भंडाऱ्याच्या वाडीत सापडतात. तिच्यात जे नाही तेही बोलके आहे. मिरची नाही, भेदरे (टोमॅटो) नाहीत, बटाटा नाही, लाल कोहळे नाही, पपई नाही. ही सगळी मंडळी पोर्तुगीज गलबते हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागल्यानंतर अमेरिकेतून आली. ज्या वाडीला आपण परंपरागत म्हणतो तिचा निम्मा संसार चार-पाचशे वर्षांतला आहे. नवे बी स्वीकारायला वाडीने कधी कुरकुर केली नाही, हे पुढच्या विवेचनासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भंडाऱ्याकडे वळल्यावर मात्र अभ्यासकाची अडचण होते. या जिल्ह्याचे शेतीविषयक दप्तर थोडे नाही. जुन्या मध्य प्रांतातल्या बंदोबस्तांत कन्हार, मोरंड, सिहार, खरडी, बरडी असे जमिनीचे प्रकार बारकाईने नोंदले गेले. जमीन कुठे आहे, तिला पाणी कसे मिळते, गावाचे सांडपाणी आणि खत तिच्याकडे वाहते की नाही, हेही सारा ठरवताना पाहिले गेले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या १९१६ सालच्या चार खंडी जातिवर्णनात भंडाऱ्याच्या कोहळ्यांवर स्वतंत्र लेख आहे. कोहळी म्हणजे तलाव बांधणारे आणि ऊस पिकवणारे. चांद्याच्या गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, अशी त्यांच्यातली परंपरा आहे. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी याच्या नावाशी जोडलेला आहे. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाले, तेव्हा तो गोंदियाकडे गेला. त्याच ग्रंथात माळी आणि मरार यांच्यावरही लेख आहे. भाजी पिकवून विकणाऱ्याचा मान धान्य पिकवणाऱ्या कुणब्यापेक्षा कमी का, याची चर्चा तिथे केलेली दिसते.

म्हणजे धान नोंदला गेला, ऊस नोंदला गेला, मराराची विक्रीची भाजीही नोंदली गेली. घरामागची वाडी तेवढी सुटली. कारण सरळ आहे. मालगुजारी गावात घराची जागा आबादीत असे आणि आबादी शेतसाऱ्याच्या हिशोबाबाहेर असे. कुळाला, मजुराला, कारागिराला राहण्यापुरती जागा मिळे आणि त्या जागेच्या मागे त्याची वाडी असे. तिच्यावर सारा नव्हता, म्हणून तिचे माप नव्हते. माप नव्हते म्हणून पिकाच्या तक्त्यात तिचा रकाना नव्हता. जिल्ह्याच्या अन्नाचा एक मोठा वाटा अशा रीतीने शंभर वर्षे कागदाबाहेर राहिला. ते काम बायकांचे होते, हेही एक कारण म्हणावे लागेल. बंदोबस्ताचा अंमलदार ज्याच्याशी बोले तो पाटील, मालगुजार किंवा कास्तकार. वाडी कुणाच्या हाताखाली आहे, हे त्याला विचारण्याचे कारणच पडत नसे.

पाण्याच्या उताराने आखलेली बाग

कागद नसला तरी वाडीचा नकाशा होता. तो आजही जुन्या घरांमागे वाचता येतो. त्याचा नियम पाण्याचा. न्हाणीचे पाणी जिथे बाहेर पडते तिथे धोपा, म्हणजे अळू, आणि केळ. यांना पाय ओले ठेवलेले चालतात आणि वाहून जाणारे पाणी त्यांच्या मुळाशी जिरते. त्याच्या पुढे, जिथे ओल आहे पण पाणी साचत नाही, तिथे वांगे, मिरची, भेदरे. विहिरीजवळ पालेभाजीचे वाफे, कारण त्यांना रोज हात लागतो. कुंपणावर पोपटाचा, म्हणजे वालाचा, वेल. मांडवावर दोडका आणि कारले. लवकी आणि कोहळ्याचा वेल थेट घराच्या कवेलूवर. त्यामुळे वेलाला जमीन लागत नाही आणि फळ गुरांच्या तोंडून वाचते. कोरड्या कोपऱ्यात शेवगा, लिंबू, कढीलिंब. उकिरडा एका टोकाला. त्याच्या कडेला आपोआप उगवलेले कोहळे सगळ्यांत जोमदार निघते, हा घराघरांतला अनुभव.

या रचनेत रांग नाही आणि चौकोनही नाही. आखणी आहे ती तीन गोष्टींवर: पाणी किती, ऊन किती आणि स्वयंपाकघरापासून पावले किती. ऋतूप्रमाणे वाफ्याची उंचीही बदलते. भंडाऱ्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. तेव्हा गादीवाफा, म्हणजे माती वर उचललेली, नाही तर मुळे कुजतात. हिवाळ्यात सपाट वाफा. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा काठ उंच आणि मधला भाग खोल, म्हणजे पाणी धरून राहणारा. वाफा एकच, त्याची तीन रूपे.

बी हा या व्यवस्थेचा कणा. पहिले चांगले फळ न तोडता वेलावर वाळू द्यायचे, बी राखेत घोळून ठेवायचे, दोडका तर सालासकट आढ्याला टांगायचा. बियांची देवाणघेवाण माहेर-सासर या रस्त्याने होई. वाडीतले वांगे कुठून आले, असे विचारले तर गावाचे नाव मिळत नाही, 'मावशीकडचे' असे उत्तर मिळते. धानाच्या आणि भाज्यांच्या स्थानिक जाती टिकल्या त्या अशा नात्यांमुळे.

वाडीखेरीज भाजीची दुसरी जागा होती वैनगंगेचे पात्र. पूर ओसरला की उघड्या पडलेल्या रेतीत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत भरून टरबूज, डांगर, काकडी लावायची. डांगर म्हणजे आपले खरबूज, आणि त्यावरूनच या बागेचे नाव डांगरवाडी. नदीकाठची ढिवर आणि इतर भूमिहीन कुटुंबे हे काम करीत. त्यांच्याकडे सातबारा नव्हता. नदी दर वर्षी नवी जमीन द्यायची आणि पावसाळ्यात परत घ्यायची. हीही बाग कागदाबाहेरची.

माप आले

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे हक्क सरकारकडे आले. जमीन कसणाऱ्याच्या दृष्टीने हा न्याय होता. पण तलाव ज्याने बांधायचा, ज्याने त्याची पाळ राखायची, तो धनी नाहीसा झाला आणि त्याच्या जागी दूरचे खाते आले. हे 'माजी मालगुजारी तलाव' गाळाने भरत गेले. तलाव भरलेला असला की गावातल्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी राहते. विहिरीला पाणी राहिले की वाडी हिरवी राहते. तलावाची पाळ खचली तर पुढे कुठल्या तरी चैत्रात घरामागची भाजी आटते. हा धागा कुठल्याही पाहणीत दिसत नाही, पण गावातली बाई तो सहज जोडून दाखवते.

याच सुमारास सरकारला परसबागेची आठवण होऊ लागली होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ थांबला, १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला, आणि 'अधिक धान्य पिकवा' मोहीम सुरू झाली. विलायतेत त्याच काळात घरोघरच्या अंगणांत आणि बागांत बटाटे-कोबी लावण्याची हाक दिली गेली होती. स्वातंत्र्यानंतर १९६० च्या दशकात युनिसेफ, अन्न व शेती संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने उपयोजित पोषण कार्यक्रम आला. शाळेची बाग, घरची बाग, कोंबड्या अशी त्याची मांडणी होती. अलीकडे २०१९ मध्ये केंद्राने शाळांतील पोषणबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० मध्ये 'उमेद' अभियानाने बचतगटांतील महिलांसाठी 'माझी पोषण परसबाग' ही मोहीम घेतली. साकोलीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या संस्थाही हे काम करतात. अंगणवाडीच्या तक्त्यांत आता परसबागांची संख्या भरली जाते. जी गोष्ट कधी नोंदली गेली नाही ती हरवू लागल्यावर तिचा रकाना तयार झाला.

ती हरवली कशी? भंडाऱ्याच्या दक्षिण भागात उत्तर सरळ आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी पवनी तालुक्यात गोसीखुर्द येथे वैनगंगेवरच्या धरणाची पायाभरणी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झाली. पुढच्या दशकांत पाणी अडत गेले, भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली गावे उठली, आणि पात्रातली रेती पाण्याखाली गेल्यावर तिथल्या डांगरवाड्याही गेल्या. शेताला मोबदल्याचा हिशोब होता; दर वर्षी नदीने उसन्या दिलेल्या रेतीला नव्हता. वाडीचे काय झाले ते पुनर्वसनाच्या कायद्यात वाचावे. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे पाच माणसांपर्यंतच्या शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटरचा भूखंड आणि बिगरशेतकरी कुटुंबाला १८५ चौरस मीटरचा. फुटांत सांगायचे तर जवळपास चार हजार आणि दोन हजार चौरस फूट. दोन हजार चौरस फुटांत घर, गोठा, संडास, धान ठेवायची जागा आणि उद्या मुलाचे वेगळे घर. उरेल ती वाडी. शिवाय नव्या वसाहतीची माती म्हणजे बरडी आणि मुरूम. पिढ्यान् पिढ्यांचे शेणखत पचवलेली काळी माती जुन्या घरामागे, पाण्याखाली.

धरणाबाहेरच्या गावांतही माप पोचले आहे. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी होते आणि घरमालकाला मालमत्तेची सनद मिळते. शंभर वर्षांपूर्वीच्या बंदोबस्ताने जी जागा वगळली होती तिचे चौरस मीटर आता नकाशावर आहेत. याचा फायदा खरा आहे: कर्ज मिळते, वाद मिटतात, ज्याच्याकडे कागद नव्हता त्याला कागद मिळतो. मात्र मोजलेल्या जागेला भाव येतो, आणि भाव आलेल्या जागेत धोपा लावणारा माणूस हळूहळू विचार बदलतो. भावाभावांत वाटणी होते तेव्हा पहिली भिंत वाडीतून जाते.

अभियंत्याचा चौकोन

अशा वेळी आपल्या हाती येतो तो चौरस फुटाचा नकाशा. त्याचा जन्मही जागेच्या विचारातून झाला आहे. मेल बार्थोलोम्यू हा अमेरिकन स्थापत्य अभियंता. निवृत्तीनंतर १९७० च्या दशकात त्याने सामुदायिक बागांत काम सुरू केले आणि त्याला दिसले की लोक वसंतात उत्साहाने लांब रांगा पेरतात आणि उन्हाळ्यात तणाला कंटाळून बाग सोडून देतात. दोन रांगांत तीन फूट अंतर का, असे त्याने जाणकारांना विचारले. पूर्वीपासून असेच करतात, यापलीकडे उत्तर मिळेना. ती रांग मुळात शेताची, नांगराची आणि यंत्राची. घराच्या बागेत तिचे काम नव्हते. त्याचे पुस्तक १९८१ मध्ये आले, त्यावर दूरचित्रवाणीची मालिका झाली, आणि २०१६ मध्ये तो वारला तेव्हा त्याची पद्धत जगभर पसरलेली होती.

तिचे नियम थोडके. चौकट चार फुटांची, कारण दोन्ही बाजूंनी दोन-दोन फूट हात पोचतो आणि मातीवर पाय ठेवावा लागत नाही. प्रत्येक चौकोनात रोपाच्या आकाराप्रमाणे एक, चार, नऊ किंवा सोळा रोपे. माती सुमारे सहा इंच: एक तृतीयांश कंपोस्ट, एक तृतीयांश पीट आणि एक तृतीयांश व्हर्मिक्युलाइट. एक चौकोन रिकामा झाला की ओंजळभर कंपोस्ट घालून दुसरे पीक.

दाट आणि मोजून लावणे हा काही त्याचा एकट्याचा शोध नव्हे. एकोणिसाव्या शतकातले पॅरिसचे भाजीवाले घोड्याच्या लिदीवर असेच दाट वाफे करीत. कॅलिफोर्नियात जॉन जेव्हन्सने १९७४ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे या प्रश्नाला हात घातला तो श्री. अ. दाभोळकरांनी. हे गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या 'प्रयोग परिवारा'ने महाराष्ट्रात शेतकऱ्यांचे प्रयोग एकमेकांपर्यंत पोचवले. दहा गुंठ्यांत एक कुटुंब नीट जगू शकेल, अशी त्यांची मांडणी होती. दाभोळकरही चौरस फूट मोजत. पण त्यांचा चौरस फूट मातीचा नव्हता, पानाचा होता. किती पान किती ऊन धरते, त्यातून दिवसाला किती अन्न तयार होते, हे त्यांचे गणित. कवेलूवर लवकी चढवणाऱ्या बाईला ते पटकन पटले असते. तिचा वेल जमिनीचा एक फूट घेतो आणि छपराचे शंभर फूट ऊन वापरतो. मुंबईत आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाज्या घेतल्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर बाग उभी केली. जागा आकसली की माणसे मोजू लागतात, एवढे या सगळ्यांत समान आहे.

भंडाऱ्याची चौकट

आता हा अमेरिकन चौकोन झाडीपट्टीत जसाच्या तसा बसतो का? बसत नाही, पण थोडा वाकवला तर बसतो. पहिल्यांदाच बाग करणाऱ्यासाठी तो कसा वाकवावा, हे जुन्या वाडीवरून ठरवता येते.

माती प्रथम. पीट इथे मिळत नाही आणि आणण्याचे कारणही नाही. भंडारा हा भातगिरण्यांचा जिल्हा. धानाचे तूस आणि त्याची काळी राख मिळते. ती माती भुसभुशीत ठेवते. तलावाचा गाळ पाणी धरून ठेवतो; चांगले कुजलेले शेणखत अन्न देते. या तिघांचे सारखे भाग घेतले तर बार्थोलोम्यूच्या मिश्रणाची जागा भरून निघते. चार बाय चारच्या चौकटीला सहा इंचांसाठी आठ घनफूट माती लागते. आपल्या वैशाखाला सहा इंच कमी पडतात; नऊ ते बारा इंच करावी, म्हणजे बारा ते सोळा घनफूट.

मग दिशा. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून उंच पिके उत्तरेच्या रांगेत, म्हणजे त्यांची सावली बाहेर पडते. दिवाळीला सुरू करायच्या पहिल्या चौकटीची मांडणी अशी करता येईल. उत्तरेच्या रांगेत दोन चौकोनांत भेदऱ्याचे एकेक रोप काठीला बांधून, आणि दोन चौकोनांत पोपटाचे वेल मांडवावर. दुसऱ्या रांगेत दोन चौकोनांत मिरचीचे एकेक रोप आणि उरलेल्या दोन चौकोनांत मिळून वांग्याचे एकच झाड. पुस्तकात वांग्यालाही एकच चौकोन सांगितलेला असतो, पण आपली वांगी दोन-दोन फूट पसरतात. ते काठावर लावून बाहेर झुकू द्यावे. तिसऱ्या रांगेत पानकोबी एक, फुलकोबी एक, लसणाच्या नऊ पाकळ्या आणि पातीच्या कांद्याचे सोळा गड्डे. दक्षिणेच्या रांगेत मेथी, सांभार, पालकाची नऊ रोपे आणि सोळा मुळे. मेथी महिन्याभरात निघते, मुळा दीड महिन्याच्या आत. तो चौकोन मोकळा झाला की खत घालून चवळाई किंवा पुन्हा मेथी. सगळी मेथी एकाच दिवशी पेरू नये. पंधरा दिवसांच्या अंतराने अर्धा-अर्धा चौकोन पेरला तर एका दिवशी ढीग आणि पुढे तीन आठवडे काहीच नाही, असे होत नाही. नवशिक्याची बाग बहुधा इथेच फसते. पाणी रोज मुळाशी, तांब्याने.

या चौकटीकडून किती मागावे, याचाही हिशोब हवा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पूर्वी ठरवलेल्या आहारात माणशी रोज ३०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. त्यातली ५० ग्रॅम हिरवी पालेभाजी. पाच माणसांच्या घराला वर्षाला साडेपाचशे किलोच्या जवळपास भाजी लागेल आणि त्यात पालेभाजी नव्वद किलोच्या आसपास. सोळा चौरस फूट हे सगळे पुरवू शकत नाहीत आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. पण अशा दोन-तीन चौकटी, छपरावर एक लवकीचा वेल, न्हाणीच्या पाण्यावर धोपा आणि कोपऱ्यात एक शेवगा एवढे असले तर पालेभाजीचा प्रश्न बराचसा घरात सुटतो. धानाच्या जिल्ह्यात ताट भाताने भरते. लोह आणि जीवनसत्त्वांची उणीव मुली-बायकांच्या अंगावर दिसते. तिथे रोजची मूठभर भाजी ही छंदाची गोष्ट राहत नाही.

पावसाळ्यात ही चौकट उंच असल्यामुळे आपोआप गादीवाफा होते. उन्हाळ्यात मात्र कडेने माती उंच करून मध्ये खोलगट ठेवावी आणि धानाचे तणीस अंथरावे. म्हणजे अभियंत्याची चौकट आणि आजीचा वाफा यांचे तसे भांडण नाही. एकाने मोजायला शिकवले, दुसरीने पाणी कुठून येते ते पाहायला. नकाशात सोळा चौकोन असतात. न्हाणी, छप्पर, कुंपण आणि उकिरडा नसतात. ते आपण भरायचे.

इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर सांदवाडीवर कर नव्हता तोवर ती मोठी होती. तिचे माप घेतले गेले तेव्हा ती लहान झालेली होती, आणि आता तिच्यातला एकेक फूट शहाणपणाने वापरावा लागणार आहे. पुनर्वसनाच्या गावात मुरमाच्या भूखंडावर नवी वाडी उभी करणाऱ्या बाया हे काम करीतच आहेत. कुठे जुन्या गावातून आणलेली मूठभर माती, कुठे माहेरून आलेले पोपटाचे बी, कुठे बचतगटातून मिळालेले पाकीट. मंडईच्या निमित्ताने या दिवसांत नातलगांकडे जाणे होईल. तेव्हा घर पाहून झाल्यावर घरामागेही डोकवावे आणि वेलावर वाळत ठेवलेला एखादा दोडका दिसला तर त्याचे बी मागून घ्यावे. असे बी मागणाऱ्याला झाडीपट्टीत सहसा कुणी नाही म्हणत नाही.